जावजी दादाजी: प्रिंट प्रिव्ह्यू नव्हता, तेव्हा पान नीट छापणारा माणूस

परीक्षेच्या सीझनमध्ये पनवेल स्टेशनबाहेरच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात पाच मिनिटं उभे राहा. कोणी हॉल तिकीट घेऊन आलेलं असतं, कोणी सातबारा, कोणी कॉलेजच्या फीची पावती. मोबाईलवर सगळं झकास दिसत असतं. प्रिंट बाहेर आली की वरती वेबसाइटचा मेनू, मध्ये जाहिरातीची रिकामी चौकट, टेबलाचे उजवीकडचे दोन रकाने गायब, आणि सही करायची ओळ एकटीच दुसऱ्या पानावर. दुकानदार पुन्हा प्रिंट मारतो, आपण पुन्हा पैसे देतो. कधी फॉर्म खिडकीवरूनच परत येतो.

हा दोष प्रिंटरचा नसतो. पेज बनवणाऱ्याने कागदाचा विचार केलेला नसतो, एवढंच. स्क्रीनसाठी जशी स्टाइल शीट लिहितात, तशी कागदासाठी वेगळी लिहिता येते, आणि त्यातले बरेचसे नियम वेबच्या कितीतरी आधीचे आहेत. मराठी-संस्कृत पानांपुरते हे नियम ज्यांनी आपल्याकडे हाताने, शिशाच्या अक्षरांनी पाळून दाखवले, त्यात पहिलं नाव घ्यावं लागतं ते निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी चौधरी यांचं. आज त्यांची गोष्ट बघू. जिथे जिथे ती आपल्या सीएसएसला येऊन भिडते, तिथे थोडं थांबू.

टाइप घासणारा मुलगा

जावजींचा जन्म १८३९ सालचा, मुंबईतला. घरची गरिबी होती, त्यामुळे शिक्षण बेताचंच झालं. लहान वयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. पगार अगदी तुटपुंजा आणि काम होतं टाइप घासायचं.

हे काम म्हणजे नेमकं काय, ते समजून घेऊ. तेव्हा प्रत्येक अक्षर म्हणजे शिसं, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रणाचा एक छोटा तुकडा असायचा. त्याला टाइप किंवा खिळा म्हणत. वितळलेला धातू साच्यात ओतला की अक्षर तयार व्हायचं, पण त्याच्या कडांना बारीक खरखर राहायची. ती घासून काढावी लागे. एका जरी खिळ्याची कड राहिली तरी ओळ वाकडी बसते. एखादा खिळा उंचीला केसभर कमी असला तर ते अक्षर कागदावर पुसट उठतं, जास्त असला तर कागदात रुततं. म्हणजे हा मुलगा दिवसभर जे करत होता ते आपल्या भाषेत क्वालिटी चेक होतं, तेही एकेका अक्षराचं.

या छापखान्यात टॉमस ग्रॅहम नावाचे गृहस्थ होते. देवनागरी टाइप तयार करण्यात त्यांचा हात कुशल होता आणि मुंबईत सुबक देवनागरी टाइप घडवणाऱ्यांत त्यांचं नाव पुढे येतं. त्यांच्या कारखान्यात काम करता करता इथली काही मुलं ही विद्या शिकली. जावजी त्यातले एक. दुसरे राणोजी रावजी आरू. राणोजींचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे येणार आहे.

त्या मुंबईचं चित्रही डोळ्यासमोर आणा. जावजी साधारण चौदा वर्षांचे असताना, १८५३ साली, मुंबई ते ठाणे पहिली रेल्वे धावली. पुण्याला जायचं तर मुंबईहून होडीने आपल्या पनवेल बंदरात उतरायचं आणि पुढे रस्त्याने बोरघाट चढायचा, ही रोजची वाट होती. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि मग माणसांबरोबर टपाल आणि पार्सलंही भराभर देशावर जायला लागली. मुंबईत छापलेलं पुस्तक लांबच्या गावी विकता येईल, अशी परिस्थिती जावजींच्या डोळ्यांसमोर तयार होत होती.

देवनागरीचा खरा प्रॉब्लेम

इंग्रजी छपाईचा खेळ तसा सोपा. सव्वीस मोठी अक्षरं, सव्वीस लहान, आकडे आणि थोडी विरामचिन्हं. सगळी एकाशेजारी एक उभी करायची, झालं. देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि रफार येतो, खाली उकार आणि ऋकार, आणि बाजूला काना. त्यात जोडाक्षरं. नुसती चौतीस व्यंजनं गुणिले बारा स्वर केलं तरी ४०८ होतात, आणि यात क्त, ष्ट्य, ङ्क्त यांसारखी मंडळी अजून आलेलीच नाहीत.

यावर दोन वाटा होत्या. एक म्हणजे मात्रेसकट पूर्ण अक्षर एकाच खिळ्यावर घडवायचं. दिसायला सुंदर, पण खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते. कंपोझिटरला, म्हणजे मराठीत ज्याला जुळारी म्हणत त्याला, एवढे खण लक्षात ठेवावे लागतात. दुसरी वाट अशी की मूळ अक्षर वेगळं आणि वरखालच्या मात्रा वेगळ्या घडवायच्या, मग जुळवताना एकाच ओळीत तीन थर रचायचे. यात खिळे कमी लागतात, पण जुळणी किचकट होते. मात्रा जराशी सरकली की ‘की’ची वेलांटी शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसते. खिळ्याबाहेर डोकावणारी नाजूक मात्रा दाबाखाली मोडायचीही.

शब्दांमधून जाणारी शिरोरेषा ही आणखी एक परीक्षा. प्रत्येक खिळ्यावर तिचा एकेक तुकडा असतो. ते तुकडे एकमेकांना नीट भिडले तर रेषा अखंड दिसते, नाहीतर तुटक-तुटक. जुन्या हलक्या छपाईत ही तुटलेली रेषा लगेच ओळखू येते.

आज हेच काम तुमच्या फोनमधला फॉन्ट आणि त्यामागचं शेपिंग इंजिन करतं. आपण क, हलन्त, ष असं टाइप करतो, इंजिन फॉन्टमध्ये क्ष शोधून बसवतं. पण पेजला योग्य फॉन्ट मिळाला नाही किंवा पीडीएफ बनवणारं सॉफ्टवेअर शेपिंग न करता अक्षरं ओतत सुटलं, की वेलांटी उलट्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं सुटी होतात. सरकारी पीडीएफमध्ये स्वतःचंच नाव असं विस्कटलेलं आपण कित्येकांनी पाहिलंय. प्रॉब्लेम दीडशे वर्षांपूर्वीचाच आहे, फक्त तेव्हा तो शिशात होता.

१८६४: स्वतःची फाउंड्री

मिशनच्या छापखान्यानंतर जावजींनी मुंबईतल्या आणखी काही छापखान्यांत नोकरी केली. इंदुप्रकाशचा छापखाना त्यातलाच. एकाच ठिकाणी न राहिल्यामुळे त्यांना टाइप ओतण्यापासून ते छापून बाहेर पडणाऱ्या कागदापर्यंत सगळी साखळी माहीत झाली.

१८६४ साली त्यांनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला. हे साल नीट बघा. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, त्यामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळत नव्हता. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि शहरात शेअरचं वेड शिगेला पोचलं होतं. रोज नवी कंपनी निघत होती. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मोठमोठे सावकार रस्त्यावर आले. अशा दिवसांत पंचविशीतल्या, पाठीमागे घरचा पैसा नसलेल्या माणसाने नोकरी सोडून शिशाची अक्षरं ओतायचा धंदा सुरू केला. बुडाला असता तर पुन्हा दुसऱ्याच्या छापखान्यात खिळे घासायला जावं लागलं असतं.

टाइप तयार करण्याची पद्धत वेळखाऊ होती. आधी पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं. हा झाला ठसा, म्हणजे पंच. पोलाद तापवून, विझवून कडक करायचं. मग तो ठसा तांब्यावर ठोकायचा, की तांब्यात अक्षराचा खळगा पडतो. ही झाली मातृका. ती साच्यात बसवून धातू ओतला की हवे तेवढे खिळे निघतात. सगळा खेळ पहिल्या पायरीवर, कोरणाऱ्याच्या हातात. कण्याची जाडी, गाठीचा गोलवा, काना किती अंतरावर, मात्रेचा कल केवढा, हे सगळं तिथेच ठरतं. पुढच्या लाखो छापांमध्ये तेच दिसत राहतं.

इथे राणोजी रावजी आरू कामाला आले. मिशनच्या छापखान्यातला हा जुना सोबती ठसे कोरण्यात वाकबगार होता. जावजींची नजर आणि राणोजींचा हात यातून जे देवनागरी वळण तयार झालं, ते पुढे निर्णयसागर टाइप म्हणून ओळखलं गेलं. ठसठशीत, गोलाईदार, लहान आकारातही जोडाक्षर ओळखू येणारं. दुसरे छापखानेही हा टाइप विकत घेऊ लागले.

यात आपल्यासाठी धडा आहे. पेजची सजावट नंतर, आधी अक्षर. कागदावरचा मजकूर वाचला जाणार आहे हातातल्या अंतरावरून, कधी ट्यूबलाइटखाली, कधी तिसऱ्या पिढीच्या झेरॉक्सवर. स्क्रीनवर छान दिसणारा अतिबारीक, फिकट राखाडी फॉन्ट तिथे मरतो. प्रिंटच्या स्टाइल शीटमध्ये अक्षर काळं आणि आकार पॉइंटमध्ये द्या. पॉइंट हे माप मुळात छापखान्यातलंच. सीएसएसमध्ये एक इंच म्हणजे ७२ पॉइंट. मराठी मजकुराला ११-१२ पॉइंट आणि ओळीची उंची अक्षराच्या दीडपट, असं ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडत नाहीत. छापखान्यात ओळींच्या मध्ये शिशाची पट्टी घालून ही जागा सोडत. इंग्रजीत ओळीतल्या अंतराला आजही लेडिंग म्हणतात, ते या शिशामुळे.

१८६९: निर्णयसागर आणि पंचांग

पाच वर्षं टाइप विकल्यावर १८६९ साली जावजींनी स्वतःचा छापखाना काढला. नाव निर्णयसागर. मराठी घरांत हे नाव पोचलं ते मुख्यतः पंचांगामुळे.

पंचांग छापण्यात जावजी पहिले नव्हते. त्यांच्या आधी गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर पंचांग छापलं होतं. शिळाछापात मजकूर हाताने लिहून दगडावरून छापतात, त्यामुळे जोडाक्षरांची भानगड राहत नाही. सुट्या खिळ्यांनी पंचांग जुळवणं ही वेगळीच कसोटी. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही पाच अंगं, प्रत्येकाच्या घटी-पळांचे आकडे, आणि हे सगळं रोजच्या हिशेबाने वर्षभराचं. पानभर रकाने आणि रकानाभर आकडे. एक आकडा शेजारच्या रकान्यात गेला तर एकादशी चुकते, मुहूर्त चुकतो. गावातला भटजी ज्या पानावर भरवसा ठेवून लग्नाची तारीख काढणार, त्या पानात अंदाजपंचे चालत नाही.

टेबल छापणं आजही सगळ्यात अवघड. आपल्या पेजवर रुंद टेबल असेल तर मोबाईलवर ते बोटाने सरकवता येतं. कागद सरकत नाही. सरकवण्याची सोय तशीच ठेवली तर बाहेरचे रकाने कापले जातात, हॉल तिकिटावर होतं तसं. म्हणून प्रिंटच्या नियमांत तीन गोष्टी करायच्या. पहिली, टेबलाची रुंदी कागदाएवढी करून स्क्रोल काढून टाकायचा. दुसरी, ब्रेक-इनसाइड या प्रॉपर्टीला अव्हॉइड सांगायचं, म्हणजे एक रांग अर्धी या पानावर आणि अर्धी पुढच्या पानावर अशी फाटत नाही. तिसरी, टेबलाचं शीर्षक खऱ्या टी-हेड टॅगमध्ये ठेवायचं. मग टेबल दुसऱ्या पानावर गेलं तरी ब्राउझर रकान्यांची नावं तिथे पुन्हा छापू शकतो. पंचांगात प्रत्येक पानावर रकान्यांची नावं असतात, ती याच कारणासाठी.

मूळ मोठं, टीका बारीक

निर्णयसागरचं नाव महाराष्ट्राबाहेर गेलं ते संस्कृत ग्रंथांमुळे. तोवर कित्येक काव्यं-नाटकं हस्तलिखितांच्या पोथ्यांमध्ये, कोणाच्या तरी माडीवर किंवा संस्थानाच्या पोथीखान्यात पडून होती. १८८६ साली जावजींनी काव्यमाला सुरू केली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईचे काशिनाथ पांडुरंग परब हे तिचे संपादक. पोथ्या मिळवायच्या, एकमेकींशी ताडून बघायच्या, पाठ ठरवायचा आणि हप्त्याहप्त्याने छापायचं, असं हे काम.

या ग्रंथांचं एखादं पान उघडून बघा, स्कॅन केलेल्या प्रती इंटरनेटवर सहज मिळतात. वरती मूळ श्लोक मोठ्या टाइपात. त्याखाली टीका मध्यम टाइपात. अगदी तळाला रेघ मारून पाठभेद, म्हणजे कोणत्या पोथीत कोणता शब्द वेगळा आहे ते, बारीक टाइपात. डोक्यावर ग्रंथाचं नाव आणि पानाचा आकडा. सगळी शाई काळी, रंगीत काहीच नाही, तरी डोळ्याला लगेच कळतं की मुख्य काय आणि जोडीचं काय.

ही खरं तर स्टाइल शीटच आहे. मजकुराचा प्रकार ठरवायचा, प्रत्येक प्रकाराला एक रूप द्यायचं आणि शेकडो पानं ते रूप बदलू द्यायचं नाही. जुळाऱ्याला प्रत्येक श्लोकाच्या वेळी नव्याने विचार करावा लागत नाही. आपण एच-वन, पॅराग्राफ, तळटीप यांना क्लास देतो आणि नियम एकदाच लिहितो, ते हेच.

यात मजकूर तोडायचा कुठे हा प्रश्नही येतो. श्लोकाचा पूर्वार्ध एका पानाच्या तळाला आणि उत्तरार्ध पान उलटल्यावर आला तर वाचणाऱ्याचा ठेका मोडतो. एखादं मथळं पानाच्या अगदी शेवटच्या ओळीत एकटं पडलं तर ते कशाचं मथळं तेच कळत नाही. चांगला जुळारी हे हाताने टाळतो, वरखाली ओळी सरकवून. ब्राउझरला हे सांगायला ब्रेक-आफ्टर, ब्रेक-इनसाइड, ऑर्फन्स आणि विडोज या प्रॉपर्टी आहेत. मथळ्याला सांगायचं की तुझ्यानंतर पान तोडू नको. परिच्छेदाला सांगायचं की पानाच्या तळाशी किंवा माथ्यावर किमान दोन-तीन ओळी एकत्र ठेव. सहीची ओळ एकटी दुसऱ्या पानावर जाणं इथेच थांबतं.

निर्णयसागरच्या पुस्तकांची ख्याती तीन गोष्टींसाठी होती: शुद्ध पाठ, सुबक छपाई आणि परवडणारी किंमत. तिसरी गोष्ट आपण विसरतो. बारीक टाइप नीट वाचता आला की एका पानात जास्त मजकूर बसतो. पानं कमी झाली की कागद कमी लागतो, आणि कागद कमी लागला की पुस्तक स्वस्त होतं. राणोजींनी कोरलेल्या वळणाचा फायदा असा थेट गरीब विद्यार्थ्याच्या खिशापर्यंत पोचला. पुढे निर्णयसागरने चरक, सुश्रुत यांच्या संहिताही छापल्या आणि त्या आवृत्त्यांची पुनर्मुद्रणं वैद्यकाचे विद्यार्थी आजही वापरतात. आपल्या पनवेलला आयुर्वेदाची मोठी परंपरा आहे. इथल्या धूतपापेश्वर कारखान्याची स्थापना १८७२ ची, म्हणजे निर्णयसागरनंतर तीनच वर्षांनी. त्या काळात जुनी विद्या नव्या यंत्रांवर चढत होती, त्यात हे दोन्ही आले.

मुलांसाठीही तीच काळजी

जावजींनी फक्त पंडितांसाठी छापलं असं नाही. १८८१ साली निर्णयसागरमधून बालबोध हे मुलांचं मासिक निघू लागलं. संपादक होते विनायक कोंडदेव ओक. चरित्रं, कविता, विज्ञानाची सोपी माहिती असं त्यात असायचं. वामन दाजी ओकांनी संपादलेला काव्यसंग्रहही निर्णयसागरचाच. जुन्या मराठी कवींची कविता त्यामुळे एका जागी, शुद्ध रूपात वाचायला मिळाली.

खिळे घासत लहानपण गेलेल्या माणसाच्या छापखान्यातून मुलांचं मासिक निघावं, यात मला वेगळीच गंमत वाटते. शाळेत फारसं बसायला न मिळालेल्या जावजींनी इतरांना वाचायला एवढं काही दिलं, की त्यांच्या छापखान्याची यादी म्हणजे एक छोटं ग्रंथालयच.

५ एप्रिल १८९२ रोजी जावजींचं निधन झालं. वय अवघं त्रेपन्नच्या आसपास. छापखाना त्यांच्या मुलाने, तुकाराम जावजींनी, पुढे चालवला. नंतरच्या कितीतरी संस्कृत ग्रंथांच्या मुखपृष्ठावर तुकाराम जावजी हे नाव दिसतं, आणि त्यानंतर पांडुरंग जावजी हे.

शिशातून सीएसएसमध्ये

जावजींच्या मृत्यूनंतर एकशे दोन वर्षांनी, १९९४ साली, हॉकोन विउम ली यांनी वेबसाठी स्टाइल शीटची कल्पना मांडली. १९९६ च्या डिसेंबरमध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती आली. १९९८ ची दुसरी आवृत्ती आपल्या विषयासाठी महत्त्वाची, कारण तिने पेजला माध्यम कोणतं ते ओळखायला शिकवलं. स्क्रीनसाठी एक नियम, प्रिंटसाठी दुसरा. अॅट-पेज नियम, पानाचा समास, पान तोडण्याच्या सूचना, ऑर्फन्स-विडोज हे तेव्हापासूनचं. म्हणजे जुळाऱ्याच्या डोक्यातलं ज्ञान ब्राउझरला लिहून दिलं गेलं.

तुम्ही पेज बनवत असाल, कॉलेजचा प्रोजेक्ट असो की मित्राच्या दुकानाची बिलाची स्क्रीन, तर प्रिंटसाठी एवढं नक्की करा:

– नको ते लपवा. मेनू, शेअरची बटणं, जाहिरात, चॅटचा गोळा यांना प्रिंटमध्ये डिस्प्ले नन. वर चिकटून राहणारा हेडर तर हमखास काढा, नाहीतर तो प्रत्येक पानावर छापला जाऊन मजकूर झाकतो.

– कागद सांगा. अॅट-पेज नियमात ए-फोर आणि समास मिलिमीटरमध्ये द्या. ए-फोर म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. फाईलला लावायचं असेल तर डावीकडे जास्त जागा सोडा.

– रंगावर विसंबू नका. ब्राउझर सहसा बॅकग्राउंडचा रंग छापत नाही. लाल म्हणजे बाकी आणि हिरवं म्हणजे भरलं, एवढंच ठेवलंत तर कागदावर दोन्ही सारखे. शब्दात लिहा.

– लिंक उघडी करा. कागदावर क्लिक होत नाही. महत्त्वाच्या लिंकचा पत्ता शेजारी छापून येईल असा नियम लिहिता येतो.

– भाषा सांगा. पेजच्या लँग अॅट्रिब्यूटमध्ये मराठीचा कोड द्या. मराठीचे ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे असतात. फॉन्टमध्ये तशी सोय असेल तर या एका सूचनेने आपलं वळण मिळतं. ‘दऱ्या’ आणि ‘आचार्य’ यातले दोन वेगळे रफारही छापून तपासा.

– प्रिव्ह्यू बघा. अँड्रॉइडवर क्रोममध्ये शेअर, मग प्रिंट, मग सेव्ह अॅज पीडीएफ. कॉम्प्युटरवर डेव्हलपर टूल्समध्ये प्रिंट माध्यमाची नक्कल करता येते. जावजींच्या काळी हे बघायला आधी पान जुळवून, शाई लावून कच्चा छाप काढावा लागे, आणि चूक सापडली की खिळे उपसून पुन्हा बसवावे लागत. आपल्याला दोन सेकंद लागतात.

फॉन्टच्या बाबतीत आता मराठीला तोटा नाही. विंडोजसोबत आलेला मंगल र. कृ. जोशींनी घडवला. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता फुकट मिळतो आणि कागदावरही स्वच्छ उठतो. आणि लांबलचक वाचायचा मजकूर असेल तर गूगल फॉन्ट्सवर टिरो देवनागरी मराठी शोधा. हे टिरो कुटुंब मुळात मूर्ती क्लासिकल लायब्ररीच्या पुस्तकांसाठी तयार झालं, आणि त्याचं वळण निर्णयसागरच्या जुन्या टाइपांवरून प्रेरणा घेतलेलं आहे. स्टाइल शीटमध्ये फॉन्ट-फॅमिलीच्या पुढे ते नाव लिहिलंत की राणोजींनी पोलादावर कोरलेल्या अक्षरांचा नातलग तुमच्या पीडीएफमध्ये उतरतो.

एकदा छापून बघा. काना सरळ आहे का, शिरोरेषा अखंड आहे का, शेवटची ओळ एकटी पडली नाही ना, एवढं तपासा. खिळे घासणाऱ्या त्या मुलाचंही रोजचं काम साधारण हेच होतं.